हायड्रोजनवर घर गरम करणं सुरक्षित आहे का, हे ठरवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे इंग्लंडमध्ये लीड्सच्या बाजूला जुन्या विटांच्या टेरेस घरात (म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगेतल्या घरात) राहतात, घरात गॅसचा बॉयलर आहे, आणि त्यांनी दोन उलटसुलट गोष्टी वाचल्यात. एक म्हणजे हायड्रोजन हा नैसर्गिक वायूइतकाच सुरक्षित आहे, दुसरी म्हणजे हायड्रोजन आणला तर चौपट स्फोट होतील. यातलं खरं कुठलं, आणि उद्या आपल्या गल्लीत हायड्रोजन आणायचं ठरलं तर हो म्हणायचं की नाही, ते कशावरून ठरवायचं.

मी गॅस सेफ्टी आणि रिस्क असेसमेंटच्या कामात बरीच वर्षं आहे त्यामुळे सरळ सांगतो, दोन्ही वाक्यं एकाच अभ्यासातून आलेली आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त ती सांगताना मधल्या अटी गाळल्या जातात, आणि सगळा विषय त्या अटींमध्येच आहे.

तो अभ्यास म्हणजे हाय४हीट. ब्रिटिश सरकारने पैसे दिले, अरुप या इंजिनिअरिंग कंपनीकडे त्याची सूत्रं होती, आणि २०२१ मध्ये त्यांचं सुरक्षेचं मूल्यमापन बाहेर आलं. त्यातले आकडे असे, पूर्ण ग्रेट ब्रिटनसाठी आणि घरातल्या गळतीपुरते: आजच्या नैसर्गिक वायूवर मॉडेलप्रमाणे वर्षाला ९ स्फोट आणि १७ जखमी. तीच घरं, तेच पाइप, काहीही जास्तीची काळजी न घेता हायड्रोजनवर नेली तर ३९ स्फोट आणि ६५ जखमी. आणि प्रत्येक घरात दोन एक्सेस फ्लो वाल्व्ह, म्हणजे प्रवाह फार वाढला की गॅस आपोआप बंद करणारे वाल्व्ह, बसवले तर २६ स्फोट आणि १६ जखमी. चौपट म्हणणारे पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यांची तुलना करतात, तितकाच सुरक्षित म्हणणारे १७ आणि १६ ची.

आता २६ स्फोट होऊनही जखमी १६ च कसे, हा प्रश्न तुम्हाला पडायलाच हवा, कारण याचं उत्तर समजलं की बाकी सगळं आपोआप लागतं. त्यासाठी थोडं आतल्या यंत्रणेत शिरावं लागेल, जरा लांबेल पण वाचा.

हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत पेटू शकतो, मिथेन म्हणजे नैसर्गिक वायूतला मुख्य वायू ५ ते १५ टक्के. पेटायला लागणारी ठिणगी मिथेनला साधारण ०.२९ मिलीज्यूल लागते, हायड्रोजनला ०.०२ पुरते. हे दोन आकडे लोक सगळ्यात जास्त फिरवतात, पण प्रत्यक्ष असेसमेंट करताना मला ठिणगीचा आकडा फारसा महत्त्वाचा वाटत नाही. माणसाच्या अंगावरच्या स्टॅटिक चार्जची ठिणगी किंवा एखाद्या जुन्या स्विचमधली ठिणगी दोन्ही वायूंना पुरून उरते, म्हणून घरातल्या गळतीचं गणित मांडताना मी आधीच धरून चालतो की पेटायचं असेल तेव्हा पेटणार. खालची मर्यादाही दोघांची जवळपास सारखीच आहे, ४ आणि ५.

फरक पडतो तो वरच्या बाजूला. मिथेन सगळ्यात जोरात फुटतो तो साडेनऊ-दहा टक्क्यांना, आणि पंधराच्या वर गेला की हवा कमी पडते म्हणून पेटतच नाही. हायड्रोजन दहा टक्क्यांना अजून तसा मवाळ असतो, ज्वाला हळू पसरते, दाब थोडाच वाढतो. त्याचं पूर्ण जळणारं मिश्रण २९.५ टक्क्यांना येतं आणि तिथे त्याच्या ज्वालेचा वेग सेकंदाला दोन-तीन मीटर, मिथेनचा जास्तीत जास्त ०.४ च्या आसपास. घरातला स्फोट किती नुकसान करणार हे या वेगावर ठरतं. मिथेनचा स्फोट हळू असल्यामुळे खिडकीची काच फुटते, दाब बाहेर निघून जातो आणि भिंत बऱ्याचदा वाचते. हायड्रोजन वीस-पंचवीस टक्क्यांवर पेटला तर काच फुटून दाब बाहेर पडायला वेळच मिळत नाही, त्याआधी भिंतीवर पूर्ण जोर आलेला असतो. किचनमधली कपाटं, टेबलं असल्या अडथळ्यांनी ज्वाला आणखी वेग घेते.

म्हणजे एका ओळीत सांगायचं तर, खोलीतला हायड्रोजन दहा टक्क्यांच्या खाली ठेवता आला तर तो मिथेनपेक्षा फार वाईट नाही, काही बाबतीत जास्त बरा म्हणावा लागेल, आणि पंधराच्या वर गेला तर त्याची तुलना मिथेनशी करूच नये. सगळं असेसमेंट या एका प्रश्नावर येऊन थांबतं, तुमच्या घरात, तुमच्या खोलीत, गळती झाली तर टक्केवारी कुठपर्यंत चढेल?

त्याचं एक ढोबळ गणित करून दाखवतो. समजा किचन ३० घनमीटरचं आहे, आणि शेल्फ लावताना ड्रिल पाइपमध्ये घुसून ३ मिलिमीटरचं भोक पडलं, असं होतं, फिटर लोकांना विचारा. घरातला गॅसचा दाब साधारण २० मिलीबार. या दाबाला त्या भोकातून मिथेन तासाला एक घनमीटरच्या थोडा वर निघेल, हायड्रोजन सव्वातीनच्या आसपास, कारण तो हलका आहे म्हणून त्याच भोकातून जवळपास पावणेतीनपट निघतो. ऊर्जा बघाल तर जवळजवळ तेवढीच, हायड्रोजनच्या एका घनमीटरमध्ये एक तृतीयांश उष्णता असते म्हणून. पण खोलीतली टक्केवारी आकारमानावर ठरते, उष्णतेवर नाही. दारं-खिडक्या बंद आणि फटींतून खोलीतली हवा दोन तासांत एकदाच बदलतेय असं धरलं तर मिथेन सातेक टक्क्यांवर जाऊन स्थिरावतो आणि हायड्रोजन अठराच्या आसपास. मिथेनही इथे धोक्याच्याच पट्ट्यात आहे हे विसरू नका, नैसर्गिक वायू म्हणजे काही साधूसंत नाही. पण अठरा टक्के हायड्रोजन हा वेगळाच प्रकार.

आता त्याच किचनमध्ये छताजवळ १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचं, कधीच बंद न होणारं व्हेंट आहे आणि खाली दाराखालून तेवढीच हवा आत येऊ शकते असं धरा. हायड्रोजन हलका असल्यामुळे तो स्वतःच वरून बाहेर ओढला जातो, आणि जितका साठेल तितका जोरात ओढला जातो. तेच गणित पुन्हा मांडलं की टक्केवारी दहाच्या आसपास येऊन थांबते. कागदावरचं साधं गणित आहे, खऱ्या खोलीत छताजवळ जास्त आणि खाली कमी असा थर होतो, पण अठराचे दहा होणं म्हणजे काय हे वर सांगितलंच आहे. हाय४हीटने नेमकं हेच मागितलंय, ज्या खोलीत गॅसचं उपकरण किंवा बराच पाइप आहे तिथे छतापासून अर्ध्या मीटरच्या आत १०,००० चौरस मिलिमीटरचं कायमचं उघडं व्हेंट.

आणि एक्सेस फ्लो वाल्व्ह कशाला? तो वरच्या तीन मिलिमीटरच्या भोकासाठी नाहीच. वाल्व्ह साधारण तासाला २० घनमीटरच्या वर प्रवाह गेला की आपोआप बंद होतो, एक जिथे गॅस घरात शिरतो तिथे आणि दुसरा मीटरमध्ये. पाइप पूर्ण उपटला गेला, कुणी चोरीसाठी तांब्याचा पाइप कापला, बॉयलर काढताना टोक उघडंच राहिलं, अशा मोठ्या गळतीसाठी तो आहे. वीसच का, तर ३० किलोवॉटच्या बॉयलरला हायड्रोजन तासाला नऊ-दहा घनमीटर लागतो, शेगडी-ओव्हन धरून वीस पुरतात, त्याहून कमी ठेवला तर चालू घरात वाल्व्ह उगाच बंद पडत राहील. पण हे पण बघा की बरोबर वीसने गळत राहिलं तर व्हेंट नसलेल्या ३० घनमीटरच्या खोलीत नऊ मिनिटांत दहा टक्के होतात. म्हणजे मोठी गळती वाल्व्ह पकडणार, मधली व्हेंट सांभाळणार, आणि बारीक गळती माणसाचं नाक. वासासाठी आज नैसर्गिक वायूत जे घालतात तेच हायड्रोजनलाही चालतं असं चाचण्यांत दिसलंय, त्यामुळे नाकाचा प्रश्न सुटल्यात जमा आहे.

तर २६ स्फोट आणि १६ जखमी हे असं येतं. पेटणं जास्त वेळा होतं, पण बरंचसं कमी टक्केवारीवर, म्हणून माणसाला कमी लागतं. मॉडेल चुकीचं नाही, माझ्या मते ते प्रामाणिकपणे केलेलं काम आहे. पण जवळपास तिप्पट वेळा घरात काहीतरी पेटणार आणि तरी जखमी तेवढेच, हे लोकांना चालेल का, हा इंजिनिअरने एकट्याने ठरवायचा प्रश्न नाही. घरात भडका उडाला, कुणाला लागलं नाही, पण पोरं रात्री झोपत नाहीत, ते जखमींच्या आकड्यात कुठे येतं?

दुसरीकडे हायड्रोजनच्या बाजूची एक गोष्ट पण सांगायलाच हवी, ती बऱ्याच वेळा राहून जाते. हायड्रोजन जळताना कार्बन मोनॉक्साइड होतच नाही. खराब बॉयलर किंवा तुंबलेल्या चिमणीमुळे माणसं झोपेत जातात तो धोका मुळातून निघून जातो.

आता पाइपांबद्दल, कारण लोकांना सगळ्यात जास्त भीती याची असते की एवढा बारीक रेणू, सगळीकडून गळणार. रस्त्याखालच्या जाळ्यावर नॉर्दर्न गॅस नेटवर्क्स या पाइपलाइन कंपनीच्या एच२१ प्रकल्पात एचएसई या ब्रिटनच्या सरकारी सुरक्षा संस्थेच्या बक्स्टनच्या प्रयोगशाळेत जुने, वापरलेले २७० भाग तपासले. ४१ भागांतून गळती सापडली, आणि ज्यांचं नीट मोजमाप झालं त्यांत हायड्रोजनची गळती मिथेनच्या १.१ ते २.२ पट आली. महत्त्वाचं म्हणजे मिथेन न गळणाऱ्या भागातून हायड्रोजन गळायला लागला असं झालं नाही, आणि दुरुस्ती केल्यावर दोन्ही वायूंना ती टिकली. ब्रिटनमध्ये २००२ पासून घरांच्या ३० मीटरच्या आतले जुने बिडाचे पाइप काढून पिवळे पॉलिथीनचे टाकायचं काम चाललंय, २०३२ पर्यंत संपवायचंय, त्यामुळे रस्त्याखालची मला तेवढी चिंता नाही. स्टील ठिसूळ होण्याची जी चर्चा असते ती उच्च दाबाच्या मोठ्या लाइनची, गल्लीतल्या कमी दाबाला तो मुख्य मुद्दा नाही. बॉयलरचंही सुटलंय, ज्वाला आहे की नाही हे ओळखायचा आजचा सेन्सर हायड्रोजनच्या ज्वालेत चालत नाही म्हणून तो वेगळा लावतात, बर्नरमध्ये ज्वाला मागे जाऊ नये अशी रचना करतात, गेट्सहेडजवळ लो थॉर्नलीला दोन घरं पूर्ण हायड्रोजनवर चालवून दाखवलीत.

चिंता आहे ती मीटरनंतरच्या पाइपची, म्हणजे तुमच्या घरातल्या. तो कुणी, कधी, कसा टाकला याची नोंद बहुतेक घरांत नसते. फरशीखाली, प्लास्टरमध्ये, जिन्याखालच्या कोंदट कपाटात जॉइंट असतात. फिटर टाइटनेस टेस्ट म्हणजे गळतीची चाचणी करतो, गेजवर दोन मिनिटं बघतो, काटा हलला नाही की पास, आणि जुन्या घरात थोडा खाली आला तरी उपकरणं जोडलेली असतील आणि वास येत नसेल तर ठरलेल्या मर्यादेत तो चालवून घेतात. ती मर्यादा नैसर्गिक वायूच्या अनुभवावर बेतलेली आहे. हायड्रोजनसाठी माझं मत, घरातली गळती शून्य दाखवल्याशिवाय मीटर सुरू करू नये आणि जिन्याखालचं मीटर बाहेर काढावं, त्यासाठी भिंत फोडावी लागली तरी.

इथे एक जुना प्रसंग सांगतो कारण तो या विषयाला थेट लागू आहे. १६ मे १९६८ ला पूर्व लंडनमध्ये न्यूहॅमला रोनन पॉइंट नावाच्या २२ मजली इमारतीत १८ व्या मजल्यावर सकाळी एका बाईंनी चहासाठी शेगडी पेटवली आणि स्फोट झाला. शेगडीला जोडणारा पितळेचा नट कमी दर्जाचा होता, तो तुटून रात्रभर गॅस साठला होता. स्फोट काही प्रचंड नव्हता, त्या बाई स्वतः वाचल्या. पण कोपऱ्याच्या भिंती तयार पॅनेलच्या होत्या, त्या बाहेर फेकल्या गेल्या, वरचे मजले आधार गेल्यामुळे खाली आले आणि त्यांच्या भाराने खालचेही, इमारतीचा अख्खा कोपरा जमिनीवर. चार माणसं गेली, १७ जखमी. तो टाउन गॅस होता, कोळशापासून केलेला, ज्यात साधारण निम्मा हायड्रोजनच असायचा. म्हणून "पूर्वी आपण हायड्रोजनच वापरत होतो, काय झालं?" असं कुणी म्हणालं की मी दोन्ही बाजू सांगतो. खरंय, १९६७ ते १९७७ मध्ये नैसर्गिक वायूवर जाईपर्यंत ब्रिटनची घरं त्यावर चालली, आपल्या मुंबईतही बॉम्बे गॅस कंपनीचा कोळशाचाच गॅस होता, वायू हाताळता येतो हे त्यातून दिसतं. पण एका नटामुळे काय होतं हेही त्याच काळात दिसलंय, आणि ठरवणारी गोष्ट वायूइतकीच इमारत होती.

म्हणून हे नीट वाचा: हाय४हीटचं मूल्यमापन विटा-दगडांच्या स्वतंत्र, जोड आणि टेरेस घरांपुरतं आहे. बहुमजली फ्लॅट त्यात नाहीत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुणालाही "१६ विरुद्ध १७" हा आकडा दाखवून हायड्रोजन सुरक्षित आहे म्हणणं चूक आहे, तिथे शेजाऱ्याची गळती तुमची होते, पाइपच्या डक्टमधून वायू चार मजले वर जातो, व्हेंट काढायला बाहेरची भिंत असेलच असं नाही. लाकडी चौकटीच्या घरांनाही हा आकडा तसाच लावू नये, विटांच्या भिंतीवर बेतलेलं नुकसानीचं गणित तिथे जसंच्या तसं चालत नाही.

आणि आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. टक्केवारी दहाच्या आसपास थांबते या गणितात व्हेंट उघडं आहे असं धरलंय. फेब्रुवारीत बाहेर उणे तापमान, बिल वाढलेलं, आणि किचनच्या भिंतीत १० बाय १० चं भोक ज्यातून थंड हवा मानेवर येतेय. माणूस काय करणार? वर्तमानपत्र कोंबणार, टेप लावणार, नवीन कपाट बसवताना त्याच्यामागे झाकून टाकणार. आजच्या गॅसच्या घरांतही बुजवलेली व्हेंट सर्रास सापडतात, ज्याने इन्स्पेक्शन केलंय त्याला हे नवीन नाही. आपल्याकडेही तेच, कबुतरं येतात किंवा एसी लावायचाय म्हणून किचनच्या वरच्या व्हेंटिलेटरला प्लायवूड ठोकणारी घरं पुण्या-मुंबईत किती आहेत ते बघा. यात लोकांना दोष देऊन उपयोग नाही, थंडी वाजते हे खरंच आहे. पण जी सुरक्षा राहणाऱ्याने रोज त्रास सोसण्यावर उभी आहे ती वीस वर्षं टिकेल असं धरून मी सही करणार नाही. वाल्व्हचं तसं नाही, तो भिंतीबाहेर शांत बसतो, त्याला कुणी हात लावत नाही. म्हणून कुठलाही हायड्रोजनचा प्रस्ताव आला की मी आधी बघतो की व्हेंट बुजलं तर टक्केवारी कुठे जाते, आणि व्हेंट बुजल्याचं कळायची काय सोय आहे. वर्षातून एकदा सर्व्हिसिंगला येणारा माणूस हे बघेल एवढ्यावर मी समाधानी नाही. किचनमध्ये छताजवळ डिटेक्टर आणि तो वाजला की मीटरचा वाल्व्ह आपोआप बंद, एवढं तरी हवं.

लोकांना विश्वासात घेण्याचा भाग मी थोडक्यात सांगतो. एल्समिअर पोर्टजवळच्या व्हिटबीला सुमारे दोन हजार घरं हायड्रोजनवर नेऊन ट्रायल करायचं चाललं होतं, स्थानिकांनी जोरदार विरोध केला आणि जुलै २०२३ मध्ये ते रद्द झालं. ईशान्य इंग्लंडमधल्या रेडकारचं तसंच ट्रायल डिसेंबर २०२३ मध्ये गेलं, पण तिथे कारण हायड्रोजनच उपलब्ध होणार नाही हे होतं. व्हिटबीच्या लोकांना अडाणी म्हणणारे भेटतात तेव्हा मला राग येतो. आमच्या घरात भोक पाडणार, आमचा बॉयलर बदलणार, मग आम्हाला नाही म्हणायचा अधिकार आहे का, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. स्कॉटलंडमध्ये फाइफच्या एच१०० प्रकल्पात सुरुवातीपासून ज्याला हवं त्यानेच यावं असं ठेवलं, शेजारून गॅसची लाइन चालूच, सुमारे ३०० घरं. असंच करायला हवं.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: आपल्याकडे घर गरम करायचा प्रश्न नाही, आणि सुरतजवळ एनटीपीसीच्या कवासच्या टाउनशिपमध्ये जानेवारी २०२३ पासून जे चाललंय ते पीएनजीत थोडा हायड्रोजन मिसळायचं, सुरुवात ५ टक्क्यांनी. ब्रिटनमध्ये कील विद्यापीठात आणि विन्लेटन गावात २० टक्क्यांपर्यंत मिसळून शेकडो घरं चालवली, उपकरणं न बदलता. इतक्या कमी प्रमाणात मिश्रण बरंचसं मिथेनसारखंच वागतं, म्हणून वरचे शंभर टक्क्यांचे आकडे त्याला लावू नका. फक्त सिलिंडरवरून पीएनजीवर गेलेल्यांनी एक लक्षात ठेवा, एलपीजी जड म्हणून खाली साठतो, पीएनजी आणि हायड्रोजन वर चढतात, त्यामुळे खालची जाळी उघडी आहे म्हणून निश्चिंत राहू नका, वरची उघडी हवी.

तुमच्या घरापुरतं सांगायचं तर, विटांचं टेरेस घर आहे म्हणजे तुम्ही निदान अभ्यासाच्या कक्षेत आहात. उद्या कंपनीचा माणूस आला तर त्याला "सुरक्षित आहे का" असं विचारू नका, तो हो म्हणेल. विचारा की दोन्ही वाल्व्ह कुठे बसणार, माझं मीटर बाहेर जाणार का, फरशीखालचा पाइप बदलणार की तसाच ठेवणार, शेजाऱ्याच्या आणि माझ्या घराच्या मधल्या भिंतीतल्या फटी कोण बुजवणार कारण टेरेसमध्ये माळ्यावरून वायू पलीकडे जातो, किचनचं व्हेंट बुजलं तर मला कोण सांगणार, आणि मला नको असेल तर पर्याय काय देणार. उत्तरं लेखी मागा. यातल्या व्हेंटच्या प्रश्नावर "ती ग्राहकाची जबाबदारी" असं उत्तर आलं तर मी तुमच्या जागी सही करणार नाही, हीट पंपाचं, म्हणजे विजेवर बाहेरची उष्णता घरात आणणाऱ्या यंत्राचं, कोटेशन मागवेन.